पोपटाच्या घरातला मासा

थर्माकोलच्या खोक्याचं झाकण निघालं आणि मी हातातलं ताट खाली ठेवायचं विसरले. असं व्हायला नको होतं. मासे ओळखण्यात माझा जन्म गेला. कुणी टोपलीतून, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून, एकानं तर कोटाच्या खिशातून मासा आणला होता. मी तो पांढऱ्या ताटात ठेवते, उलटासुलटा करते आणि नाव सांगते. त्यात थबकण्यासारखं काही नसतं. पण त्या सकाळी बर्फाच्या चुऱ्यात तो आडवा पडला होता, वीतभराहून बराच मोठा, आणि लाल होता. आमच्या समुद्रात लाल मासे नाहीत असं नाही. हा लाल मात्र रंगाऱ्यानं हात न आखडता दिलेला होता. मानेमागे काळसर डाग, डागाला पिवळी किनार, शेपटीच्या बुडाशी आणखी एक पिवळा ठिपका. आणि तोंडात सुटे दात नव्हते. वरचे सगळे मिळून एक, खालचे सगळे मिळून एक, अशी पांढुरकी चोच होती. ती मी बघत राहिले आणि समोर उभा असलेला कुझ्मा मला बघत राहिला. तो बेटावरून पहाटेच्या बोटीनं आला होता, रबरी बूट तसेच पायात, दोन्ही हात मागे बांधलेले. पंचावन्नच्या पुढचा, जाळी ओढून ओढून मान जाड झालेला माणूस, आणि तो श्वास धरून उभा होता. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला झटकलंच होतं. दर सप्टेंबरात खडकातला साधा केशरी मासा कुणाच्या तरी जाळ्यात येतो आणि तो माणूस मला फोन करून जगबुडी आल्यासारखं सांगतो. कुझ्मानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, उद्या येतो, तुम्ही फक्त बघा.

पहिली नोंद. हे दोन शब्द माशाच्या नावाआधी माझ्या मनात आले, आणि ते मला आवडलं नाही. हा मासा दक्षिणेकडचा, उबदार पाण्यातला. क्रीटच्या, माल्टाच्या खडकांवर शेवाळ खरवडत फिरतो. आमच्या किनाऱ्याच्या पार खालच्या टोकाला तो कधीमधी दिसल्याचं ऐकिवात होतं, पण आमच्या या झादर शहराच्या पाण्यात, इतक्या वर उत्तरेला, कुणी तो धरल्याचं कुठं लिहिलेलं नव्हतं. येत्या वसंतात मी निवृत्त होणार. संग्रहालयातल्या या खोलीत माझ्यामागे काय राहणार, याचा विचार मी हल्ली नको तेव्हा करत बसते. बरण्या राहतील. दुसऱ्यांनी शोधलेल्या माशांना मी 'बरोबर आहे' म्हटलेलं राहील. माझं स्वतःचं म्हणावं असं एकही पान नाही. एक होऊ शकेल ते समोर बर्फात पडलं होतं, आणि मला ते हवं होतं. लहान मुलाला दुकानातली वस्तू हवी असते, तितकं सरळ हवं होतं.

माझे वडील लिकाच्या डोंगरात लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर होते. गाडीवाले त्यांना दारू पाजायचे, रागवायचे, मुलांच्या शपथा घालायचे. वडील काट्याकडे बघायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे आणि गप्प बसायचे. घरीही तसंच. मी जाड झाले का, असं आईनं विचारलं तर ते नीट बघून सांगायचे. मी त्यांच्यावर गेले. झादरला येऊन उभं आयुष्य झालं तरी बाजारातल्या मासेवाल्या मला डोंगरवालीच म्हणतात. मासा खायचा असतो गं, वाचायचा नसतो, असं त्यातली एक मला दर शनिवारी ऐकवते, कारण मी मासा खात नाही हे तिनं पहिल्याच वर्षी हेरलं. मला त्याचा वासही फारसा आवडत नाही. लोकांना हे विचित्र वाटतं. न्यायाधीशाला चोर आवडायला हवेत असं थोडंच आहे. अलीकडे मात्र या अलिप्तपणाला कुठंतरी चीर गेली आहे. पाणी तापतंय. ओळखीचे मासे खोल जातात किंवा येईनासे होतात, आणि ज्यांची नावं मी परीक्षेपुरती पाठ केली होती ते दाराशी येऊन उभे राहतात. मी त्यांची नावं सांगते. नाव सांगून झाल्यावर एरवी जे हलकं वाटायचं, ते आता वाटत नाही.

मी कुझ्माला खुर्ची दाखवली, ती त्याला दिसलीच नाही. मासा धुतला, ताटात ठेवला, पंख पसरून टाचण्या लावल्या आणि आधी फोटो काढले, कारण अल्कोहोलमध्ये गेला की लाल काय आणि निळा काय, सगळे मासे जुन्या लोण्याच्या रंगाचे होतात. मग खवले मोजायला घेतले. जाड, रुंद, कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले होते. मी मोजत होते आणि कुझ्मा माझ्या पाठीशी बोलत होता. सुरुवातीला मी अर्ध्या कानानंच ऐकत होते. त्यांच्या बेटावर एक रीत आहे. जाळ्यात कधी न पाहिलेलं तोंड आलं तर ते तोंड घरी आणायचं नाही. होडीतच डोकं कापून पाण्यात सोडायचं. अनोळखी डोळ्यांनी घर बघितलं तर समुद्राला घराचा पत्ता लागतो, असं तिथले म्हातारे म्हणतात. धडाचं मात्र वावडं नाही; ते बिनघोर रश्श्यात जातं. कुझ्मा पाच वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी, क्रशेवाननी, असं एक डोकं कापून टाकलं, धड बायकोला दिलं आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाऊन सांगितलं की आज मी पोपटाच्या तोंडाचा लाल मासा पाहिला. लोक म्हणाले, दाखव तोंड. तोंड टाकलं, क्रशेवान म्हणाला. झालं. रविवारच्या प्रार्थनेला तो चर्चच्या पायऱ्या चढला तेव्हा त्याचं नाव पोपट पडलेलं होतं.

ज्यानं तिकडची गावं पाहिली नाहीत त्याला वाटेल, एका टोपणनावानं काय होतं. त्या गावात आडनावंच दोन आहेत. माणसं ओळखायची ती घराच्या नावावरून: लंगड्याचे, बोक्याचे, पाद्र्याच्या भाच्याचे. पोस्टमन त्याच नावानं पत्र देतो, शाळेत मास्तर त्याच नावानं हाक मारतो. कुझ्मा शाळेत पोपटाचा कुझ्मा झाला, त्याची होडी पोपटाची होडी झाली, आणि तो बोलायला लागला की मागून कुणीतरी चोच वाजवल्यासारखा आवाज काढायचा. अजूनही काढतात, फक्त आता काढणाऱ्यांचे केस पांढरे झालेत. क्रशेवान नंतर कमीच बोलायचा. मासा केवढा मिळाला विचारलं तर टोपली उघडून दाखवायचा, तोंडानं सांगायचा नाही. तो गेला तेव्हा धक्क्यावरच्या भिंतीला लावायचा, निधन कळवणारा काळ्या चौकटीचा कागद कुझ्मालाच छापून आणावा लागला. छापणारा म्हणाला, नावाखाली घराचं नाव घालू ना? कुझ्मानं होकाराची मान हलवली. न घालून करतो काय, नुसत्या नावानं कोण गेलं ते गावाला कळलंच नसतं. आता आईनं ऐंशी ओलांडली आहे आणि तिचं हृदय अधूनमधून हट्ट करतं.

"तिच्या कागदावर पोपटाची म्हणून येणारच," कुझ्मा म्हणाला. "येऊ दे. पण भिंतीसमोर उभं राहून वाचणाऱ्याला हसू फुटायला नको, एवढंच. म्हणून या वेळी मी डोकं कापलं नाही. आज डोक्यासकट आणलाय."

मी टाचणी खाली ठेवली. खवल्यांचं गणित जमलं होतं, पंखातले काटे जमले होते, गालाची ठेवण जमली होती. शंकेला जागा नव्हती. मी म्हणाले, हा पोपटमासाच, पुस्तकातही त्याचं नाव तेच आहे. कुझ्माला आता खुर्ची दिसली. तो बसला, गुडघ्यांवर तळवे ठेवले आणि जमिनीकडे बघत हसायला लागला. आवाज न करता, खांदे तेवढे हलत होते. मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी माशाकडे बघितलं. मग त्यानं विचारलं की तुम्ही हे छापून आणणार ना, शहरातल्या लोकांना कळेल असं.

"आणणार," मी म्हणाले. "इतक्या उत्तरेला हा मासा सापडल्याची ही पहिली नोंद."

"पहिली," तो म्हणाला.

"पहिली."

"मग माझ्या बापाचा कितवा?"

मी त्याला समजावून सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. नोंद व्हायला मासा लागतो, बरणीतला तरी नाहीतर चित्रातला तरी. कुणी खाल्लेल्या माशाची नोंद होत नाही. शिवाय पन्नास वर्षांपूर्वी इथलं पाणी थंड होतं, या माशाला ते मानवलं नसतं. आज हा आला तो पाणी तापलं म्हणून आला, आणि म्हणून आज आला यावरून तेव्हा आला होता असं काही ठरत नाही. उलट, आज पहिल्यांदा आला असं म्हटलं की तेव्हा आला नव्हता असंच त्यातून निघतं. मी विजेचं बिल वाचून दाखवावं तसं बोलत होते. कुझ्मानं मधेच तोडलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, म्हणजे आजवर गाव त्याला थापाड्या म्हणत होतं, आता तुम्ही छापून म्हणणार. त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मग त्याला काहीतरी सुचलं. आई खाली बाकावर बसली आहे, म्हणाला. मासा दाखवणार म्हणून बोटीत बरोबर आली, पण वाटेत तिनं खोक्याचं झाकण उघडू दिलं नाही आणि आता जिना नको म्हणते. तिनं तो मासा शिजवला, खाल्ला. खाल्लेल्याची नोंद होत नाही तर नाही, पण खाणारीची साक्ष तरी चालते की नाही? मी म्हणाले, घेऊन या. साक्ष चालते असं मी म्हणाले नाही.

तो खाली गेला आणि मी खिडकी उघडली. समोर सामुद्रधुनी चकचकत होती, दुपारची बोट अजून आलेली नव्हती. मला क्रशेवान दिसायला लागला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी दिसला: टोपली उघडून दाखवणारा, तोंडानं न सांगणारा. वाट चुकलेले मासे असतात. एखाद्या उन्हाळ्यात खालून ऊन पाण्याचा पट्टा वर सरकतो आणि त्याच्याबरोबर पिलं वाहत येतात, एखाद्या खाडीत वाढतात, पुढच्या थंडीत मरतात. हे मला माहीत होतं आणि कुझ्माला सांगताना मी ते गाळलं होतं. विसरून गाळलं नव्हतं. म्हातारी येईल आणि म्हणेल, हाच तो. नवऱ्यासाठी आणि मुलासाठी कुठलीही बाई तेवढं म्हणेल. मी मान डोलवेन, माझ्या लेखात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ टाकेन की स्थानिक लोकांत अशी आख्यायिका आहे, आणि पहिली नोंद माझी ती माझीच राहील. हे सगळं मी इतक्या शांतपणे ठरवलं की मला स्वतःची थोडी भीती वाटली. हात धुतले. साबणानंही माशाचा वास जाईना, आणि एरवी मला त्याचं काही वाटत नाही, पण त्या दिवशी मी तीन वेळा धुतले.

ऊर्शा आली ती काळ्या कपड्यांत, विधवा तिकडे जन्मभर घालतात तशा. बुटकी, ताठ, जिना चढून धाप लागलेली पण ती न दाखवणारी. मी तिला मावशी म्हटलं, तिनं मला पोरी म्हटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. तिनं बरण्यांवरून नजर फिरवली आणि एवढे मासे न खाता ठेवलेत म्हणाली. कुझ्मानं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला टेबलाशी आणलं. तिनं चष्मा लावला, वाकली, बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून घडी केला.

"हा नाही," ती म्हणाली.

कुझ्माला वाटलं तिला नीट दिसलं नाही. त्यानं दिवा जवळ ओढला. तिनं तो हातानं बाजूला केला.

"अरे, मला आंधळी समजतोस का? हा लाल आहे. तुझ्या बापाचा राखी होता. डोळ्यांसमोर आहे माझ्या. मीच खरवडला, मीच कापला."

कुझ्मानं हळूच विचारलं की हे तू तेव्हा कुणाला बोलली होतीस का. त्यात लपवायचं काय होतं, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर बायकांनी गाठलं: तुझा नवरा म्हणतो लाल मासा आणला, कसा लागतो गं लाल मासा? तिनं सांगितलं, लाल कुठला, राखी होता. तिला खोटं बोलता येत नाही, तिच्या बापानं शिकवलं नाही. त्या हसल्या. संध्याकाळपर्यंत गुत्त्यात पोचलं. एवढंच. हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, पण सांगताना कुझ्माकडे न बघता माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई मुलासाठी आलेलीच नाही. पन्नास वर्षं जे एक वाक्य तिच्या घरात कुणी उच्चारलं नाही, ते तिनं बरोबर उच्चारलं होतं की नाही, हे तिला कुणा त्रयस्थाकडून ऐकायचं होतं. कुझ्मा खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला हे आजवर माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, गाव हसलं ते गाव दुष्ट म्हणून.

मी तिथंच थांबायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. सवयीनं विचारलं, कुठल्याही माशाबद्दल विचारते तसं. खरवडताना कसा होता, मावशी? ती म्हणाली, खवले नखाएवढे, जाड, सुरीवर टक टक वाजत होते. आणि आत? आत हिरवा लगदा, वाटून ठेवलेल्या पालेभाजीसारखा, त्यात वाळूची कचकच. तिला वाटलं सडला आहे, पण वास सडल्याचा नव्हता, शेवाळाचा होता. मांस मऊ होतं, रश्श्यात फुटलं. क्रशेवान गुपचूप जेवला, तिनं थोडं खाल्लं, मुलाला काटे काढून भरवलं. ती बोलत राहिली आणि मी मनात एकेक मासा वगळत गेले. आमच्या पाण्यात नखाएवढ्या जाड खवल्यांचे आणि पोटात दळलेलं शेवाळ असलेले मासे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. राखी असेल तर त्यातला एकच. या जातीचा नर राखी असतो. लाल असते ती मादी. ही गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, आणि बेटावर ती कुणालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. खोटं रचणाऱ्या बाईनं लाल म्हटलं असतं. ती राखी म्हणाली म्हणूनच तो मासा खरा होता.

"मग माझं खरं होतं ना, पोरी?" तिनं विचारलं.

"खरं होतं," मी म्हणाले. "राखीच होता."

तिनं डोळे मिटले आणि उघडले. काहीतरी तिच्या खांद्यांवरून उतरलं, मला ते चक्क दिसलं. कुझ्मा खिडकीपासून वळला, खोक्याचं झाकण उचललं आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, चल आई. मला म्हणाला, लिहा पहिला म्हणून. मासा ठेवून घ्या, आम्हाला त्याचं काय करायचंय. त्यात राग नव्हता. आता फक्त गप्प बसायचं होतं. म्हातारी हलकी होऊन घरी गेली असती, मला माझं पान मिळालं असतं, आणि मी एक शब्दही खोटा बोललेली नसते. क्रशेवानला तर काही कळणारच नव्हतं. तो मेलेला होता. मी कुझ्माच्या हातातल्या झाकणाकडे बघत होते. झाकणावर पाण्याचे थेंब होते आणि तो ते अंगठ्यानं पुसत होता, एकेक करून. मला त्या अंगठ्याचा राग आला. का, ते सांगता येणार नाही.

"हा पहिला नाही, दुसरा," मी म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं. शेल्फवरून पुस्तक काढलं, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं: वर राखी, खाली लाल, दोन्हींना तीच चोच. एकच जात. वरचा नर, खालची मादी. मी कुझ्माला म्हणाले, पहिला तुमच्या वडिलांनी धरला, मी तसंच लिहीन, आईच्या तोंडचं वर्णन जसंच्या तसं घालेन. छापणारे म्हणतील, पुरावा नाही, काढून टाका. मी काढणार नाही. बोलता बोलता माझ्या हातून माझं पान निसटताना मला कळत होतं, आणि वाईट वाटत होतं. कुझ्माचा चेहरा उजळायला लागला. तो पुस्तकावर वाकला, बोटानं वरच्या चित्राला शिवला, माझा बाप, असं काहीतरी पुटपुटला. आणि मग त्यानं आईकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा जिथल्या तिथं थांबला.

ऊर्शा पुस्तकाकडे बघत नव्हती. ती ताटातल्या माशाकडे बघत होती.

"म्हणजे मासा तोच," ती म्हणाली.

"तोच."

"आणि तुझा बाप लाल म्हणाला, ते?"

हे तिनं कुझ्माला विचारलं होतं, पण उत्तर मी दिलं. दोन्ही एकाच खडकावर चरतात. त्यांना दोन्ही दिसले असतील, एक हाती लागला असेल, एक गेली असेल. मी असेल असेल म्हणत होते, कारण मी तिथं नव्हते.

"जोडीनं फिरतात ते?"

"एक नर असतो. बरोबर एखादी, नाहीतर दोन-तीन."

तिनं खुर्चीची पाठ धरली. कुझ्मा पुढं झाला तसा तिनं त्याला हातानं थांबवलं. बसली नाही. ती बोलली ती आमच्यापैकी कुणाशी नव्हती.

"तो म्हणाला होता मला. दोन होते ऊर्शे, लाल निसटला. मी म्हटलं, जे हातात आहे त्याचं बोल."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं. कुझ्मा म्हणाला, आई, सोड आता. तिनं ते ऐकलं नाही.

"त्यानंतर दर उन्हाळ्यात त्याच खाडीत जाळं टाकायचा. एकटा. तिथं काही मिळत नाही हे पोरांनासुद्धा माहीत होतं. रिकामा यायचा. मला वाटायचं, माझं तोंड नको म्हणून जातो. मग मीही जेवण झाकून ठेवून निजायचे. म्हटलं, तुला नको तर मलाही नको." तिनं खुर्चीची पाठ सोडली. "शेवटच्या उन्हाळ्यातसुद्धा गेला होता. वल्हं धरवत नव्हतं."

कुझ्मानं झाकण टेबलावर ठेवलं. ऊर्शानं चष्मा पुन्हा लावला, ताटावर वाकली आणि माशाच्या कुशीवरून एक बोट फिरवलं, शेपटीपासून चोचीपर्यंत, खवल्यांच्या उलट.

"एवढी लाल असेल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली.